दुसऱ्या आठवड्याचे इंजिनिअर

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : आपत्तीनंतरच्या कामासाठी अभियंत्यांचे प्रशिक्षण, त्यांची नोंदवही आणि त्यांना मोकळे सोडण्याबाबत.

महोदय,

अडतीस वर्षे सरकारी नोकरीत गेली. त्यामुळे आधी ‘विषय’ लिहिल्याखेरीज माझा हात पुढे चालत नाही. त्याखालचा ‘संदर्भ’ मात्र मी गाळला आहे. तिथे काय लिहिणार? किल्लारी, दासगाव, माळीण, तळिये, इर्शाळवाडी अशी भूकंपाची आणि दरडींची गावे लिहिली, तर कक्ष अधिकारी विचारतील की जावक क्रमांक कुठे आहे.

मी डिप्लोमावाला. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून सुटलो. रस्ते, पाझर तलाव, शाळाखोल्या, नळयोजना ही माझी कामे. पण नोकरीत तीन वेळा मला ‘उसनवारीवर’ आपत्तीच्या जागी धाडले गेले आणि तिन्ही वेळा आदेश आदल्या संध्याकाळी हातात पडला. हे काम तुला येते का, असे एकदाही कुणी विचारले नाही. खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारले नाही. इंजिनिअर आहे म्हटल्यावर येतच असणार, अशी वरच्यांची आणि माझी, दोघांचीही समजूत. ती समजूत किती महाग पडते ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

दरड कोसळली किंवा पूर आला की पहिला आठवडा गजबजलेला असतो. एनडीआरएफची पथके येतात, कॅमेरे येतात, आपण स्वतः येता. गणेश मंडळांचे टेम्पो येतात, बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके येतात, आणि जुन्या कपड्यांची एवढी गाठोडी येतात की शेवटी शाळेच्या व्हरांड्यात त्यांचाच ढिगारा उपसायची वेळ येते. माणसे मनापासून देतात, त्याला नावे ठेवणार नाही. ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढायचे शिक्षणही आता बरे मिळते. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देतात. पण आठव्या-नवव्या दिवशी पथके परततात, टेम्पो थांबतात, बातमी आतल्या पानावर जाते, आणि शाळेत उरतात ती घर गेलेली माणसे. तेव्हा प्रश्न दोराचा किंवा स्ट्रेचरचा नसतो. उद्या सकाळी पाणी कुठून आणायचे, संडासला कुठे जायचे, भेगाळलेल्या घरात पाऊल टाकायचे की नाही, हे त्या दुसऱ्या आठवड्याचे प्रश्न असतात. हे सगळे प्रश्न इंजिनिअरचे आहेत आणि नेमका तोच तिथे नसतो. असला तर माझ्यासारखा असतो.

माझ्यासारखा म्हणजे कसा, ते आधी सांगतो.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, सावित्रीचा पूर आला. पाणी ओसरल्यावर मला एका गावात विहीर शुद्ध करायला पाठवले. व्यास चार मीटर, पाण्याची खोली पाच मीटर, म्हणजे त्रेसष्ट हजार लिटरच्या आसपास पाणी. टीसीएलच्या, म्हणजे ब्लिचिंग पावडरच्या, गोणीवर छापले होते, क्लोरीन ३३ टक्के. मी कागदावर गुणाकार केला, किराणा दुकानातून तागडी मागवली, पावडर तोलली आणि सरळ विहिरीत ओतली. तासाभराने ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला की नाही ते नळीत रंग बघून तपासले. नळीत पिवळेपणाचा मागमूस नाही. पुन्हा तेवढीच टाकली, तरी नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवी गोणी आली. तोवर माझे टाळके फिरले होते. मी तिच्यातली दोन घमेली अंदाजाने ओतली. आता नळी पिवळी होण्याऐवजी लालसर झाली आणि विहिरीच्या काठावर उभे राहवेना. बायका कळश्या घेऊन आल्या, वास घेतला आणि एक शब्द न बोलता ओढ्याकडे वळल्या. त्या ओढ्यातून आदल्याच आठवड्यात मेलेली गुरे वाहून गेली होती. त्यांना तिकडे धाडणारा मी होतो, हातात तागडी घेतलेला.

संध्याकाळी उपकेंद्रातला आरोग्य सेवक आला. त्याने पहिल्या गोणीत हात घातला, बोटे चोळली आणि म्हणाला, ‘‘साहेब, ही मेलीय.’’ टीसीएलची गोणी दमट हवेत उघडी राहिली की क्लोरीन निघून जातो आणि मागे उरतो तो चुना. गोणीवरचा आकडा ती भरली त्या दिवसाचा असतो, उघडली त्या दिवसाचा नव्हे. मग पुढच्या विहिरीवर त्याने मला बादली धरायला लावली. पावडर थोड्या पाण्यात कालवली, काठीने ढवळली, चुना खाली बसेपर्यंत तंबाखू मळली, वरचे नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतले आणि ती बादली दोराने सोडून विहिरीत खालवर फिरवली. ‘‘चुना कशाला पाजायचा विहिरीला?’’ एवढेच त्याचे व्याख्यान. क्लोरिनेशनवर दहा मार्कांचा प्रश्न मी परीक्षेत पूर्ण सोडवला होता. आकृतीसकट.

हे प्रांजळपणे सांगितले, कारण पुराच्या बातम्या पाहून ‘आम्हीही येतो’ म्हणणारी इंजिनिअरिंगची मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापेक्षा मी काही शहाणा नव्हतो. चांगली मुले असतात. बस करून येतात, फावडी घेऊन चिखल उपसतात, रात्री शाळेच्या गच्चीवर झोपतात. पण चिखल उपसायला गावातली माणसे असतात. गावाला हवा असतो बुडालेल्या मोटारीचे वाइंडिंग वाळवून तपासणारा, मीटरच्या पेटीत पाणी शिरलेल्या घराला ‘अजून मेन स्विच लावू नका’ असे ठामपणे सांगणारा, भिंतीची भेग बघून ती गिलाव्याची आहे की जोत्यापासूनची आहे ते ओळखणारा. हे ज्याला येत नाही तो कितीही भला असो, त्याला जेवू घालायचे काम मात्र गावावर पडते.

आता या विद्येबद्दल थोडे. ती आहे, लिहिलेली आहे, आणि फार मोठी किंमत मोजून मिळवलेली आहे.

१९९४ च्या जुलैत रवांडातून लाखो माणसे काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झैरेमधल्या गोमा शहराभोवती येऊन थडकली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. खड्डा खणता येईना, ना संडासाचा, ना प्रेत पुरायचा. समोर किवू सरोवर भरलेले, पण ते पाणी उपसून, शुद्ध करून, छावण्यांपर्यंत वाहून न्यायची यंत्रणा नाही. पहिल्या महिन्यात जवळपास पन्नास हजार माणसे गेली, बहुतेक पटकीने आणि हगवणीने. डॉक्टर जगभरातून धावले होते. कमी पडले ते पंप, पाइप, टाक्या आणि ते जोडणारे हात. (आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. भर पावसात कातळावर चार फुटी खड्डा पाडायला किती वेळ लागतो, ते घाटातल्या कुठल्याही वडाराला विचारा.)

त्या अनुभवाने हादरलेल्या मदत संस्थांनी १९९७ साली ‘स्फिअर’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि किमान मानके ठरवली. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसे. पाणी राहत्या जागेपासून ५०० मीटरच्या आत. वीस माणसांमागे एक संडास, अगदी सुरुवातीच्या धावपळीत पन्नासांमागे एक चालेल. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. हे आकडे पाठ करायला एक दुपार पुरते. ते लावायला मात्र डोके लागते.

लावून बघू. शाळेत चारशे माणसे आहेत. पाणी हवे सहा हजार लिटर. टँकर दहा हजारांचा येतो, म्हणजे पाणी भरपूर, असे तहसील कार्यालयातून दिसते. प्रत्यक्षात टँकर येतो, पण ओतायला टाकी नसते. मग ड्रायव्हर तीन तास तिथेच उभा राहून कळश्या भरून देतो आणि पुढचे गाव कोरडे राहते. म्हणजे पहिली गरज टँकरची नसून पाच हजारांच्या दोन टाक्या आणि खाली चार तोट्या यांची. संडास हवेत वीस, शाळेत असतात दोन. आणि छप्पर? चारशे गुणिले साडेतीन म्हणजे चौदाशे चौरस मीटर. चाळीसेक चौरस मीटरची वर्गखोली धरली तर पस्तीस खोल्या. आपल्या गावातल्या शाळेला असतात सात. तेव्हा ‘सर्व पूरग्रस्तांची शाळेत व्यवस्था करण्यात आली आहे’ हे वाक्य, जे मी स्वतः अहवालात तीनदा लिहिले आहे, ते किती पोकळ आहे हे कळायला एका भागाकाराची गरज होती. तो मी केला नव्हता, कारण कुठल्या आकड्याने भागायचे हेच ठाऊक नव्हते.

आणि जे भागाकारात येत नाही, तेही सांगतो. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकडच्या एका छावणीवर मी होतो. ठेकेदाराने शाळेमागे पत्र्याचे आठ संडास उभे केले. पन्नासांमागे एक, हिशेब चोख. मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोरडे ठणठणीत. पुरुष गेले असतील चार-दोन, बाई एकही नाही. आमच्या चमूत नुकतीच रुजू झालेली एक कनिष्ठ अभियंता मुलगी होती. ती बायकांत जाऊन अर्धा तास बसली आणि परत येऊन मला म्हणाली, ‘‘सर, दारांना आतून कडी नाहीये. आणि रात्री तिकडे मिट्ट काळोख असतो.’’ मी दारे तपासली होती. बाहेरून. बाहेरच्या कड्या होत्या. बाजारातून आठ कड्या आणल्या, शाळेच्या वायरिंगवरून दोन बल्ब ओढले, आणि त्या रात्रीपासून संडास वापरात आले. आम्हाला कॉलेजात दाराच्या चौकटीचा सेक्शन काढायला शिकवले होते, कडी कुणासाठी असते ते नाही.

महोदय, हे शिकवणारी माणसे जगात आहेत आणि एक ठिकाण तर पुण्यातच आहे.

१९७९ साली पीटर गथ्री नावाचा एक तरुण ब्रिटिश सिव्हिल इंजिनिअर मलेशियात, व्हिएतनामहून होड्यांतून पळून आलेल्या निर्वासितांच्या छावणीवर काम करत होता. त्याच्या लक्षात आले की मदत संस्थांना इंजिनिअर हवा असतो तो उद्या, आणि कंपन्यांकडे चांगले इंजिनिअर असतात, पण कुणाला विचारायचे आणि कुणी सोडायचे याची काही रीत नाही. म्हणून १९८० साली त्याने एक नोंदवही सुरू केली. ‘रजिस्टर ऑफ इंजिनिअर्स फॉर डिझास्टर रिलीफ’, म्हणजे ‘रेडआर’. नावाप्रमाणे ती खरोखरच एक यादी होती. या यादीत यायचे तर पारखून घेतले जायचे, आधी शिकायचे, आणि हाक आली की मालकाने काही महिने सोडायचे. यादी, शिक्षण आणि सुट्टी. यातले एक काढले तर उरलेली दोन लंगडी, हे त्या माणसाला छावणीत उमगले. पुढे यादीपेक्षा शिक्षणाचे काम वाढत गेले. आज रेडआर इंडिया पुण्यातून चालते आणि पाणी, स्वच्छता, निवारा, आपत्ती व्यवस्थापन यांवर प्रशिक्षणे घेते. तिकडे इंग्लंडात लफबरो विद्यापीठात १९७१ पासून पाणी आणि विकासाच्या इंजिनिअरिंगचे स्वतंत्र केंद्र चालत आले. रेडआरच्या अनुभवातून निघालेले ‘इंजिनिअरिंग इन इमर्जन्सीज’ हे जाडजूड पुस्तक १९९५ साली छापले गेले. त्यात टीसीएल कसे कालवायचे ते दिले आहे. मी ते पहिल्यांदा हातात घेतले महाडनंतर दोन वर्षांनी.

कुणी म्हणेल, हे परदेशी कौतुक पुरे. म्हणून किल्लारीच्या भूकंपाकडे येतो. महाराष्ट्राने हे एकदा स्वतः, आणि फार मोठ्या प्रमाणावर, करून दाखवले आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटे कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसे विसर्जनाहून येऊन झोपलेली. साडेनऊ हजारांवर माणसे गेली. धक्का ६.२ चा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. माणसे मारली ती घरांनी. तिथली भिंत अडीच-तीन फूट जाड, दिसायला किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक, आणि मधे माती आणि चिपा. दोन्ही रांगांना एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची दोन फूट माती, उन्हाळ्यात गारवा म्हणून आणि दरवर्षी गळती लागली की वाढवलेली. जमीन हलली तशा दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या, एक अंगणात गेली आणि एक माणसांवर. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या आणि भिंती भोवती पसरल्या होत्या.

बावन्न गावे नव्या जागी उभी राहिली, ते सगळ्यांना ठाऊक आहे, फोटो तिथलेच छापले गेले. कमी ठाऊक आहे ते दुसरे काम. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात अनेक जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण ठरले. मी त्या कामावर गेलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. पहिले तीन दिवस आम्हा आठ कनिष्ठ अभियंत्यांना एका गावात एका जुन्या घरासमोर बसवले आणि शिकवणारा होता एक गवंडी. उभ्यात दोन फुटांवर, आडव्यात चार फुटांवर खडूने खुणा केल्या. मग तिथला एकेक दगड सळईने सैल करून काढायचा. पहार लावायची नाही, हातोडा तर नाहीच, कारण ठोकले की वरचे सगळे घसरते. आतून बाहेर आरपार भोक झाले की त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. भोक मधे निमुळते, तोंडाशी रुंद, म्हणजे आतली डंबेलसारखी गाठ दोन्ही रांगांना धरून ठेवते. नसलेला आरपार दगड आपण नंतर ओतून घ्यायचा, एवढीच युक्ती.

त्या घरची म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. पहिला दगड निघाला तशी म्हणाली, ‘‘भूकंपानं पाडलं न्हाई ते तू पाडतोस व्हय रं?’’ मी भूकंपशास्त्र सांगू लागलो. ती ऐकेना. तिला पटवले ते गावातल्याच एका बाईने. गावागावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले होते, त्यांतली ती. तिने दोन्ही तळवे समोरासमोर धरले, मधे फट ठेवली आणि हलवून दाखवले. मग बोटे एकमेकांत गुंतवली आणि पुन्हा हलवले. म्हातारी गप्प झाली. मी पुढे दोन वर्षे प्रत्येक ओट्यावर तेच केले, श्रेय न देता.

त्या काळात शेकडो अभियंते आणि त्याहून कितीतरी जास्त गवंडी हे शिकले. आणि मग? माझी बदली झाली. इतरांचीही झाली. ते ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात गेले नाही, कुठल्या यादीत नोंदले गेले नाही. गेल्या दहा वर्षांत आमची ती फळी एकेक करत निवृत्त झाली, निरोपाला शाल आणि नारळ घेऊन. आज मराठवाड्यात पुन्हा जमीन हलली, तर त्या दोन फूट-चार फुटांच्या खुणा कुठे करायच्या हे ठाऊक असलेली माणसे नातवंडांना शाळेत सोडायला गेलेली असतील.

इथवर वाचून आपले सचिव म्हणतील, हा विषय मदत व पुनर्वसन विभागाचा आहे, तिकडे वर्ग करा. म्हणूनच पत्र आपल्या नावाने आहे. बोटी आणि तंबू त्यांच्याकडे. शिकवणे आपल्याकडे आहे. तीनशेहून अधिक इंजिनिअरिंग कॉलेजे, शिवाय तंत्रनिकेतने. आणि पाया नव्याने घालायची गरजही नाही, जोते बांधून तयार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंजिनिअरिंगच्या मुलांना सामुदायिक प्रकल्पाचे दोन क्रेडिट आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे शंभर ‘ॲक्टिव्हिटी पॉइंट’ आहेत. आपल्याच विभागाने २०१६ च्या जानेवारीत ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’चा शासन निर्णय काढला, कॉलेजांनी जिल्ह्याच्या खऱ्या प्रश्नांवर काम करावे म्हणून. आयआयटी मुंबईत ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे. तिथली एमटेकची मुले काही आठवडे खेड्यात राहून नळयोजना का बंद पडली याचा माग काढतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’चा ‘निर्माण’ उपक्रम २००६ पासून तरुणांना समाजातल्या प्रश्नांकडे वळवतो आहे, त्यात इंजिनिअरही आहेत.

मग अडते कुठे? माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्याचा सामुदायिक प्रकल्प मी पाहिला. विषय ‘ग्रामीण भागातील पाणी समस्या’. सतरा पाने, सात इंटरनेटवरची, चार फोटोंची. एका फोटोत सहा मुले एका हातपंपाभोवती उभी. मी विचारले, पंप चालू होता का? तो म्हणाला, ‘‘काका, हलवून नाही पाहिला.’’ त्याला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. त्याचा दोष नाही. त्याच्या सरांनाही आयुष्यात कुणी हातपंप उघडून दाखवला नसेल, आणि त्यांना तीन बॅचेसचे प्रकल्प महिनाअखेरीस अपलोड करायचे होते.

तेव्हा मागणी काय आहे ती लिहितो. ते दोन क्रेडिट खऱ्या कामाला लावा. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या उपविभागात जाऊन विचारले तर प्रत्येक शाखा अभियंता दहा प्रश्न हातावर ठेवेल, कारण त्याच्याकडे पन्नास गावे आहेत आणि मोटारसायकल एक. मुलांनी एक गाव घ्यावे, तिथल्या विहिरीचे माप, टीसीएलचा साठा, टाकीची गळती, शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ, पुरात कुठवर पाणी येते त्याची खूण, हे सगळे उन्हाळ्यातच मोजावे आणि कागद ग्रामपंचायतीत ठेवावा. मार्क त्या शाखा अभियंत्याने आणि ग्रामसेवकाने द्यावेत. पुढच्या जुलैत त्या कागदाची किंमत कळेल. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वर यंत्र न्यायला रस्ता नव्हता. माणसे पायवाटेने चढत होती. कुठल्या वाडीवर काय नेता येते, एवढी साधी नोंदही पावसाळ्यापूर्वी हवी असते.

शेवटच्या वर्षाच्या इच्छुक मुलांना आणि मुख्य म्हणजे प्राध्यापकांना पाच-सहा दिवसांचे प्रत्यक्ष शिक्षण द्या, वर्गात नव्हे, मोकळ्या मैदानात, पावसात. तंबू मारा, टाकी जोडा, तुरटीने गढूळ पाणी निवळा, ओटी टेस्ट करा, भेगांची ओळख करा. शिकवायला गवंडी बोलवा, आरोग्य सेवक बोलवा, वायरमन बोलवा आणि त्यांना प्राध्यापकांइतकेच मानधन द्या. मुली निम्म्या असाव्यात, ते कडीचे प्रकरण मी वर सांगितलेच आहे.

जे हे शिकतील त्यांची जिल्हावार नोंदवही ठेवा. त्यात पदवीवाल्यांबरोबर पदविकावाले आणि आयटीआयवालेही असू द्या, पुरानंतर मोटार तेच दुरुस्त करतात. नोंदवही दरवर्षी मे महिन्यात तपासा. फोन लागतो का, माणूस अजून त्याच गावात आहे का, एवढे बघा. बंद फोनांची यादी आपल्या कार्यालयांत आधीच पुष्कळ आहे.

आणि सगळ्यांत अवघड ते शेवटी. सोडायची सोय. गथ्रीच्या वहीचे खरे मर्म तिथे होते. प्राध्यापकाला कर्तव्य रजा, विद्यार्थ्याला हजेरी आणि हुकलेल्या परीक्षेची फेरसंधी, खासगी कंपनीतल्या इंजिनिअरसाठी त्याच्या मालकाशी आधीच झालेला लेखी करार, आणि सगळ्यांना विमा. विम्याशिवाय कुणाच्या मुलाला दरडीखाली उभे करायचा आपल्याला अधिकार नाही. स्वयंसेवा म्हणजे फुकटेगिरी नव्हे. जाण्या-येण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च देणाऱ्याने द्यायचा असतो, नाहीतर फक्त ज्यांना परवडते तेच येतात आणि ते शनिवार-रविवारी येतात. पूर सोमवारीही असतो.

हेही सांगायला हवे की यातून पोटापाण्याचे काम मिळू शकते. दुष्काळ, निर्वासित छावण्या, भूकंपानंतरची घरबांधणी यांवर जगभर पाण्याचे आणि निवाऱ्याचे इंजिनिअर पगारावर काम करतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांनाही निर्वाह भत्ता असतो. आमच्याकडे सिव्हिलच्या मुलाला साइट सुपरवायझर किंवा स्पर्धा परीक्षा एवढ्याच दोन वाटा दाखवतात. तिसरी दाखवायला काय हरकत आहे? लातूरचा एखादा मुलगा, ज्याच्या आजीने ते तळवे हलवणे पाहिले असेल, नेपाळात किंवा अफगाणिस्तानात दगडी भिंतीसमोर उभा राहिला, तर त्याला तिथले घर परके वाटणार नाही.

पहिली तुकडी काढली तर टीसीएल कालवायला शिकवायला मी येईन. मानधन नको, एसटीचे भाडे द्या. गुडघे गेलेत, तेव्हा मैदान सपाट बघा. तो आरोग्य सेवक निवृत्त झाला आहे, पण त्याचा नंबर माझ्याकडे आहे आणि तो चालू आहे, कालच लावून पाहिला.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपअभियंता

सोबत : दाराची कडी, नग १, चार स्क्रूंसह.